तात्या सूचीपासून वाचतात

पुस्तकं दोनच प्रकारची असतात: ज्यात बेळगाव आहे ती, आणि रद्दी. हा निवाडा तात्यांचा. तात्या हे नाव आपलं सोयीसाठी. शहापुरात त्यांना अण्णा म्हणतात, अनगोळात मामा, खानापुरात गुरुजी. दर चार गल्ल्यांमागे असा एक माणूस निघतोच. वय पंचाहत्तरीच्या पुढं, नोकरी बँकेत नाहीतर हायस्कुलात झालेली, आणि खिशात दोन पेनं. निळं सहीसाठी. लाल कशासाठी, ते पुढं येईल.

नवं पुस्तक हातात पडलं की तात्या ते मागून उघडतात. सूची, 'ब', आणि बोट खाली सरकत जातं. बेळगाव सापडलं की चेहरा खुलतो. तेवढी पानं उभ्या उभ्या वाचून होतात, पेन्सिलीनं रेघ पडते आणि पुस्तक कपाटात जातं. पुस्तकाला सूचीच नसली तर लेखक पुण्याचा आणि आळशी. सूची असून बेळगाव नसलं तर लेखक पुण्याचा आणि आकसखोर. कपाटासमोर उभं राहून कुणी "एवढी सगळी वाचलीत?" असं विचारलंच, तर तात्या छाती काढून सांगतात, "मी सगळी वाचलो की! पानासकट सांगतो, विचार."

आणि खरोखर सांगतात. महाजन आयोगाचा अहवाल त्यांना तोंडपाठ आहे. हे नाव ज्यांनी फक्त वर्तमानपत्रात वाचलं असेल त्यांच्यासाठी: १ नोव्हेंबर १९५६ ला बेळगाव, निपाणी, खानापूर हा मुलूख म्हैसूर राज्यात गेला, दहा वर्षांनी केंद्रानं महाजन आयोग नेमला आणि त्याचा अहवाल १९६७ मध्ये आला. निपाणी आणि खानापूर महाराष्ट्राला द्यावं, बेळगाव आहे तिथंच राहावं, असं त्यानं सांगितलं. महाराष्ट्रानं अहवाल फेटाळला. २००४ पासून दावा सर्वोच्च न्यायालयात आहे.

या अहवालानं दोन राज्यांत जेवढं भांडण लावलं, त्याहून जास्त तात्या आणि त्यांचे निपाणीचे व्याही यांच्यात लावलं. व्याही तंबाखूच्या व्यापारातले. चहा संपला की ते हळूच काडी टाकतात.

"आमचं काम सदुसष्टलाच झालं होतं. तुमच्या बेळगावापायी आम्ही अडकलो बगा."

"म्हणजे आम्हाला सोडून जाणार होता काय तुम्ही?"

"जातोय कुठं? आमची पोरं शिकायला रोज महाराष्ट्रातच जात्यात की!"

यात खोटं काही नाही. निपाणीच्या पोरांचं देवचंद कॉलेज अर्जुननगरला आहे आणि अर्जुननगर कागल तालुक्यात, म्हणजे महाराष्ट्रात. निपाणीकर घरी जेवून महाराष्ट्रात शिकतो आणि संध्याकाळी कर्नाटकात झोपायला येतो. तात्यांना याचा हेवा वाटतो. ते उठून आतून कुंदा आणतात, व्याह्यांचं तोंड बंद होतं, आणि सीमाप्रश्न पुढच्या रविवारपर्यंत तहकूब होतो.

तात्यांचं खरं दुःख १९४६ चं आहे. त्या साली बेळगावात ग. त्र्यं. माडखोलकरांच्या अध्यक्षतेखाली साहित्य संमेलन भरलं आणि संयुक्त महाराष्ट्राचा ठराव तिथं झाला. एका प्रांताची मागणी राजकारण्यांच्या आधी लेखकांच्या मांडवातून जोरात उठली, हा तात्यांच्या आयुष्यातला सर्वांत अभिमानाचा प्रसंग. फक्त तेव्हा त्यांचा जन्म व्हायचा होता. वडील मांडवात सतरंज्या घालायला होते, एवढ्यावर त्यांनी आजवर भागवलं आहे. २००० साली य. दि. फडक्यांच्या संमेलनात मात्र ते स्वतः होते, पहिल्या रांगेत, फेटा बांधून.

लाल पेनाचं काम २०१४ च्या नोव्हेंबरात निघालं. सरकारनं बेळगावचं 'बेळगावी' केलं, तेव्हापासून तात्या त्या 'वी'ची वेलांटी खोडत आहेत. विजेचं बिल, पासबुक, औषधाची चिठ्ठी, काही सुटत नाही. नातवाच्या लग्नपत्रिका छापखान्यातून आल्या त्या सगळ्यांवर 'वी' निघाला. तात्यांनी दोन रात्री बसून गठ्ठाच्या गठ्ठा दुरुस्त केला. मुलीकडच्यांना वाटलं, ही इकडची काही रीत असेल.

अशा माणसाची नात शिकायला एडिनबरोला गेली. तिचा पहिला फोन आला तेव्हा तात्यांनी एकच प्रश्न विचारला, "तिथं पुस्तकात त्यांचं गाव असतंय काय?"

"आजोबा, इथं स्टेशनलाच कादंबरीचं नाव आहे. मी परवा उतरलो नव्हे, वेव्हर्ली म्हणून. आणि बाहेर लेखकाचं स्मारक, दोनशे फूट उंच!"

तात्यांना आधी वाटलं, पोरगी थट्टा करते. लेखकाचं, आणि दोनशे फूट? पण फोटो आला. मग नातीनं सगळी हकिगत सांगितली. स्कॉटलंड १७०७ मध्ये इंग्लंडशी एक झालं. वॉल्टर स्कॉट हा तिथल्या सीमाभागात राहायचा, सीमेवरची जुनी गाणी त्यानं गोळा केली, १८१४ मध्ये 'वेव्हर्ली' लिहिली आणि स्कॉटलंडला त्याचा इतिहास कादंबऱ्यांतून परत दिला. "सीमाभागात?" तात्या खुर्चीतून उठलेच. "म्हणजे आमच्यातलाच की तो!" त्या संध्याकाळी बेळगाव स्टेशनला 'श्रीमान योगी' नाव द्यावं, असा अर्ज त्यांनी निळ्या पेनानं लिहिला. रणजित देसाई कोवाडचे. कोवाड चंदगड तालुक्यात आणि चंदगड १९५६ पर्यंत बेळगाव जिल्ह्यात. तेव्हा हक्क पोचतो.

ग्रँट डफही स्कॉटलंडचाच, बॅन्फ गावचा, हे कळल्यावर मात्र तात्यांची पंचाईत झाली. साताऱ्याच्या या रेसिडेंटानं १८२६ मध्ये मराठ्यांचा इतिहास तीन खंडांत छापला. तात्या त्याला पन्नास वर्षं शिव्या देत आले आहेत. नीळकंठ जनार्दन कीर्तन्यांनी विद्यार्थिदशेतच डफच्या चुका काढल्या, ते त्यांचे आवडते. तरी डफचे तिन्ही खंड कपाटात सगळ्यांत वर, कारण सूचीत बेळगाव आहे. आता शिव्या द्याव्यात तर तो स्कॉटच्या गोटातला निघाला. तात्यांनी तोड काढली. "माणूस चांगला असणार. इंग्रजांच्या नोकरीनं बिघडला."

नातीनं आणखीही एक सांगितलं होतं, ते तात्या व्याह्यांना सांगत नाहीत. १८२२ मध्ये राजा चौथा जॉर्ज एडिनबरोला आला, तेव्हा त्याच स्कॉटनं सगळ्या शहराला डोंगराळ मुलखातला चौकडीचा पोशाख चढवला. ज्यांच्या बापजाद्यांनी तो कधी अंगाला लावला नव्हता, तेही त्यात मिरवले. पुढं तीच त्या देशाची ओळख झाली. मला हे ऐकून संमेलनातले फेटे आठवले. बेळगावात एरवी फेटा बांधून दूध आणायला गेलेला माणूस मी पाहिलेला नाही. फेटे भाड्यानं येतात, बांधणारा कोल्हापूरहून येतो, आणि ऐन वेळी त्याची गाडी कोगनोळी नाक्यावर अडकली तर अस्मिता तासभर बोडकी बसते.

तात्यांची मराठी हा आणखी एक प्रकार. शुद्धलेखनाला ते फार कडक. नातू "आलो नव्हं" म्हणाला की चिडतात. पण बायकोशी भांडताना ते नकळत कानडीत शिरतात, हिशेब कानडीत मनातल्या मनात घालतात, आणि रागाचा पारा चढला की "अय्यो!" शिवाय सुरुवातच होत नाही. पुलंचे रावसाहेब माझ्या ओळखीचे होते, असं सांगणारी माणसं बेळगावात शेकड्यांनी आहेत. तात्या त्यांत अग्रणी. त्या रावसाहेबांच्या मराठीला कानडी हेल होता म्हणून तर 'गणगोत'मधला तो लेख जिवंत आहे. प्रकाश संतांचा लंपन बोलतो ती बोली आणि तात्यांच्या नातवाची बोली एकाच आळीतली. कपाटात 'वनवास' आहे, काचेआड. नातू मात्र त्याच बोलीपायी रोज बोलणी खातो.

कपाटात एक माणूस मात्र नाही, आणि इथं माझं तात्यांशी जमत नाही. निपाणीचे महादेव मोरे. टॅक्सी चालवली, गॅरेजात काम केलं, मग पिठाची गिरणी टाकली आणि त्या गिरणीच्या घरघरीत कथा-कादंबऱ्या लिहिल्या. तंबाखूच्या वखारीत राबणाऱ्या बाया, ड्रायव्हर, क्लिनर, हमाल, सगळे निपाणीच्या बोलीत बोलणारे. २०२४ मध्ये ते गेले. सीमाभागातला माणूस पुस्तकात शोधायचा तर मोऱ्यांइतका तो मला दुसरीकडं सापडलेला नाही. तात्यांना विचारलं, तर म्हणाले, "सूची नाही त्यांच्या पुस्तकाला." कथेच्या पुस्तकाला सूची! व्याह्यांना विचारलं. ते म्हणाले, "मोरे नव्हं? दळण चांगलं द्यायचे."

तात्यांची टिंगल करणं सोपं आहे, आणि मी ती केली. पण थंडी पडली की कडोलीला, उचगावला, येळ्ळूरला, कारदग्याला, खेड्याखेड्यांत मराठी साहित्य संमेलनं भरतात; ग्रंथदिंडी निघते, पुण्यामुंबईचा पाहुणा येतो, गावजेवण होतं. त्यांच्या वर्गणीची पावतीपुस्तकं घेऊन उन्हातान्हात फिरणारे हेच तात्या असतात. पुण्यात बसून मराठी मरत चालल्याचे लेख लिहिणाऱ्यांपैकी एकानं तरी पावतीपुस्तक घेऊन गावभर फिरून दाखवावं.

तेव्हा यंदा जमलं तर कडोलीला या. मांडवात पहिल्या रांगेत फेटेवाले दिसतील, त्यांना नमस्कार करा. स्वतःचं पुस्तक भेट देणार असाल तर सूची जोडा. आणि तात्यांकडं पुस्तक वाचायला मागू नका, ते देत नाहीत. गणपत गल्लीत सार्वजनिक वाचनालय आहे, १८४८ पासूनचं. तिथं वर्गणी भरा आणि महादेव मोऱ्यांचं 'एकोणिसावी जात' मागा.