एका अगम्य अ‍ॅड-ऑनच्या निर्मात्यास अनावृत पत्र

श्री. अ‍ॅड-ऑनकर्ते महोदय यांचे सेवेशी,

आपले नाव घालून या पत्राचा आरंभ करावा अशी आमची मनीषा होती; परंतु आपल्या आज्ञावलीच्या भांडारावर एक टोपणनाव आणि त्यापुढे दोन अंक यांखेरीज आपली कोणतीही खूण आढळली नाही, आणि अभंगाच्या अखेरीस आपली नाममुद्रा ठेवून जाण्याचा मोह संतांनाही आवरला नाही हे ध्यानी घेता, आपल्या निःस्पृहतेपुढे नतमस्तक होण्यावाचून आम्हांस गत्यंतर उरले नाही.

पाउलस स्खाउत्सेन यांनी २०१३ साली पायथॉन भाषेत, घरातील उपकरणांचा कारभार पाहणाऱ्या होम असिस्टंट या प्रणालीची रचना आरंभिली आणि २०१७ साली तिला अ‍ॅड-ऑनची जोड मिळाली, तेव्हापासून ज्याच्या घरात रास्पबेरी पायएवढे एखादे लहानसे यंत्र अहोरात्र चालू आहे अशा कोणाही गृहस्थास, स्वतः एक ओळही न लिहिता, परक्याने रचलेली आज्ञावली आपल्या घरात नांदवता येऊ लागली. आपले अ‍ॅड-ऑन गच्चीवरील टाकीची पातळी पाहून पाण्याची मोटार चालू-बंद करते. ज्या गावांत नळाला पाणी तासभरच येते त्या गावांत हे कार्य परोपकाराच्या सदरात मोडावे. मात्र ते हे कार्य करते, ही वार्ता आपण कोठेही सांगितलेली नाही. आपल्या धारिका एकामागून एक उघडून, त्यांतील चलांच्या त्रोटक नावांवरून तर्क बांधीत आम्ही या निष्कर्षाप्रत आलो, आणि झिजलेला ताम्रपट लावणाऱ्या संशोधकाचा आनंद आपण आम्हां सामान्यांस विनामूल्य मिळवून दिला.

होम असिस्टंटच्या कारभाऱ्यांनी ही माहिती सांगण्याच्या कामी दोन वेगळ्या दस्तऐवजांची तजवीज केलेली आहे. एक 'रीडमी', जो अ‍ॅड-ऑन घेण्यापूर्वी उंबरठ्याबाहेर उभे राहून वाचावयाचा. दुसरा 'डॉक्स', जो घेतल्यानंतर मांडणी करताना हाताशी ठेवावयाचा. पहिल्यात आपण 'माझ्याकडे चालते' हे एकच वाक्य लिहिले आहे आणि दुसरा लिहिण्याच्या भानगडीत आपण पडलाच नाहीत. त्यामुळे उपकरणांच्या निरोपांची ने-आण करणारा मॉस्किटो ब्रोकर आधी बसवलेला नसेल तर आपले अ‍ॅड-ऑन एक पाऊलही टाकत नाही, हा तपशील ज्याला त्याला अनुभवाने मिळवावा लागतो. त्याहून महत्त्वाचा तपशील असा की, पाण्यापर्यंतचे अंतर सेंटिमीटरमध्ये यावे अशी आपली अपेक्षा आहे. संवेदकाने ते मिलिमीटरमध्ये कळवले, तर काठोकाठ भरलेली टाकी आपल्या हिशेबी रिकामी ठरते, मोटार चालूच राहते, आणि या मापनभेदाची इत्तला घरधन्यास प्रथम खालच्या मजल्यावरील बिऱ्हाडाकडून, चढ्या स्वरात, मिळते.

परंतु आपल्या प्रतिभेचे खरे वैभव दृष्टीस पडते ते अधिकारांच्या मागणीत. प्रत्येक अ‍ॅड-ऑनास सुरक्षिततेचे गुण देण्याची होम असिस्टंटमध्ये वहिवाट आहे: आरंभी पाच गुण पदरी असतात, यजमान यंत्राचे जाळे वापरू द्यावे अशी मागणी केली की त्यांतला एक वजा होतो, आणि अ‍ॅड-ऑन ज्यात चालतात त्या डॉकरच्या कारभारात हात घालू द्यावा अथवा यंत्रावर पूर्ण प्रवेश द्यावा असे म्हटले की बाकीचे पुण्य जमेस न धरता गुणसंख्या थेट एकावर उतरते, ज्याचा अर्थ कर्त्याविषयी पुरती खातरजमा असल्याखेरीज हे घरात घेऊ नये. टाकीत पाणी किती हे पाहण्यासाठी आपण पूर्ण प्रवेश मागितला आहे. ही सत्ता वापरकर्त्याने संरक्षणाची कळ स्वतःच्या हाताने बंद केल्याविना अमलात येत नाही, म्हणून आपण त्यास ती कळ बंद करण्याचा हुकूमही सोडला आहे. का, याचा खुलासा मात्र नाही. पाणी शेंदून देण्यास आलेल्या इसमाने आल्याआल्याच घरधन्याकडून कुलमुखत्यारपत्र लिहून मागावे, आणि ते कशाला हे विचारणे असभ्यपणाचे ठरावे, असा हा एकूण मामला आहे. कदाचित आपणांस खरोखरीच यंत्राच्या एखाद्या पिनेशी बोलावयाचे असेल आणि त्यासाठी याहून पुष्कळ लहान परवाना पुरला असता. कदाचित आपण परवान्यांच्या यादीतला सर्वांत वरचा शब्द उचलला असेल. परक्या माणसास या दोहोंतला भेद कळण्याचा मार्ग म्हणजे आपण लिहिलेली दोन वाक्ये, आणि ती तेवढी नाहीत.

आपल्या नियंत्रणफलकाची हकिगत अशीच. होम असिस्टंटच्याच पडद्यातून नेणाऱ्या 'इनग्रेस'च्या वाटेने तो दाखवला असता तर वापरकर्त्याची ओळख पटवण्याचा बंदोबस्त होम असिस्टंटने स्वतःच केला असता, आपणांस १७२.३०.३२.२ या एकाच पत्त्यावरून येणारास आत घेऊन बाकीच्यांस दार लावून घ्यावे लागले असते, आणि वर दोन गुण बक्षीस मिळाले असते. आपण स्वतंत्र पोर्ट उघडले, त्यावर संकेतशब्दही ठेवला नाही, आणि घरच्या वाय-फायवर आलेल्या प्रत्येक पाहुण्यास मोटारीची कळ मोकळी करून दिलीत.

'आयकॉन'साठी १२८ बाय १२८ चित्रबिंदूंची चौकोनी जागा असते. तेथे आपण आपल्या मांजराचे छायाचित्र लावले आहे. मांजर देखणे आहे. बदलांच्या नोंदवहीत मात्र प्रत्येक आवृत्तीपुढे 'किरकोळ दुरुस्त्या' एवढेच लिहिलेले आढळते, आणि त्याच किरकोळ दुरुस्त्यांपैकी एकीत आपण एका पर्यायाचे नाव बदलल्यामुळे ठिकठिकाणच्या टाक्या एके सकाळी कोरड्या राहिल्या.

यावर आपला जबाब काय असेल हे आम्ही जाणून आहो: हे सर्व आपण फावल्या वेळात केले, फुकट दिले, कोणावर सक्ती केली नाही. हा युक्तिवाद अर्धा खरा आहे, आणि त्या अर्ध्यापुरते आम्ही आपले ऋणी आहो. स्वतःच्या टाकीपुरते अ‍ॅड-ऑन लिहून स्वस्थ बसणाऱ्यास कोणी जाब विचारू नये. परंतु आपण भांडार खुले केले, ते एका टिचकीसरशी जोडता यावे म्हणून बटणही लावले, आणि मांडणीच्या धारिकेत 'प्रायोगिक' हा एक शब्द लिहिण्याची सोय असता तो लिहिला नाही. तो न लिहिल्यास अ‍ॅड-ऑन स्थिर समजले जाते. तेव्हा आपण काहीच हमी दिली नाही असे जे आपणांस वाटते ते वस्तुस्थितीस धरून नाही. आपल्या मौनाने आपल्या वतीने हमी देऊन टाकली आहे.

उपकरणे व सेवा होम असिस्टंटशी जोडणाऱ्या शेजारच्या 'इंटिग्रेशन' खात्यात दर्जाची जी श्रेणी ठरवली आहे तीत सर्वांत खालच्या कांस्य पायरीसाठीसुद्धा ही वस्तू घरातून काढून कशी टाकावी हे लिहून देणे आवश्यक असते, आणि ज्ञात उणिवा कबूल केल्याविना सुवर्ण पायरी मिळत नाही. अ‍ॅड-ऑनांस हा नियम लागू नाही, हे आम्ही जाणतो. पण तो उसना घेण्यास कोणाची मनाई असल्याचेही ऐकिवात नाही.

सबब अर्ज एवढाच की, पुढील आवृत्ती काढण्यापूर्वी एखादी संध्याकाळ खर्च करून, हे अ‍ॅड-ऑन काय करते, त्यास आधी काय लागते, ते कोणत्या मापात विचार करते आणि पूर्ण प्रवेश मागते तो नेमका कशासाठी, हे आपण आपल्या भाषेत लिहावे. तेही जमण्यासारखे नसेल तर काढून टाकण्याची रीत तेवढी लिहावी. तिची गरज असलेले लोक आजच पुष्कळ आहेत.

कळावे, लोभ असावा, ही विनंती.

आपला,
एक वापरकर्ता