चौपदरी पाठ, दुपदरी बाही

विणणाऱ्या बाईची लोकर अर्ध्यात संपली की ती क्रमाने चार कामं करते. आधी शेजारणीला दोष देते, कारण ‘सहाशे ग्रॅम कशाला, चारशेत होतंय’ असं तीच म्हणाली होती. मग गुंड्यावरचं लेबल शोधते. मग दुकानात जाते. आणि काहीच जमलं नाही तर निमूट उसवायला बसते. सार्वजनिक कामाची लोकर अर्ध्यात संपली, तर संबंधित यंत्रणा एकच काम करते. खुलासा देते.

मीरा रोडला स्वेटर हवाच कशाला, असं कोणी विचारेल. प्रश्न रास्त आहे. आमच्याकडची थंडी म्हणजे जानेवारीतल्या चार-सहा पहाटा, त्याही लोकलच्या दारात उभं राहणाऱ्यांच्याच वाट्याला येणाऱ्या. तरीही शांतीनगरपासून बेव्हर्ली पार्कपर्यंत दुपारच्या वेळी सोसायट्यांच्या बाकांवर सुया चालू असतात. नातू टोरांटोला असतो, भाची पुण्याला असते, आणि दोघांनाही आजीच्या हातचा स्वेटर नको असतो. मागणी नसताना पुरवठा चालू ठेवण्याची ही परंपरा आमच्या शहराला नवी नाही.

मात्र या बायकांचं नियोजन बघण्यासारखं असतं. मोठ्या माणसाच्या पूर्ण बाह्यांच्या स्वेटरला अर्धा किलो ते सहाशे ग्रॅम लोकर लागते. वेणीची वीण घातली तर त्याहून जास्त, कारण वेणी लोकर खाते. म्हणून जाणती बाई थेट टाके घालत नाही. आधी हातभर नाही, वीतभरच नमुना विणते, तो मोजते, त्यावरून हिशेब करते आणि वर एक गुंडा जादा आणते. तोही त्याच लॉटचा. रंगाचा नंबर तोच असला तरी लॉट बदलला की छटा बदलते. दुकानातल्या ट्यूबलाइटखाली दोन्ही गुंडे सख्खे भाऊ दिसतात आणि बाल्कनीतल्या उन्हात बाही दुसऱ्याच स्वेटरची निघते. दुकानदार मात्र ‘सेम टू सेम, ताई’ म्हणून शपथ घ्यायला तयार असतो.

आता आमच्या गोल्डन नेस्ट चौकाकडे वळू. तिथे एमएमआरडीएने, म्हणजे मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाने, मेट्रो ९ च्या मार्गासोबत उड्डाणपूल बांधला. वर मेट्रो, खाली मोटारी, अशी दुहेरी वीण. जानेवारी २०२६ मध्ये त्याचे व्हिडिओ मोबाइलवर फिरू लागले. पूल चार मार्गिकांचा येतो, छान रुंद येतो, आणि पुढे एकाएकी दोनच मार्गिकांचा होतो. विणणाऱ्या बायका याला ‘दोन टाके एकत्र’ म्हणतात. गळ्याशी आणि मनगटाशी ते शोभून दिसतं. इथे ते भर छातीवर घेतलेलं होतं.

देशभर हसं झालं तेव्हा खुलासा आला. ही रचनेतली चूक नाही. रस्त्याची उपलब्ध रुंदी आणि भविष्यातलं जाळं यांचा विचार करूनच असं केलं आहे. दोन मार्गिका भाईंदर पूर्वेला उतरतात. उरलेल्या दोन पुढेमागे रेल्वे ओलांडून भाईंदर पश्चिमेला जातील, त्यासाठी जागा सोडली आहे.

खुलासा नीट वाचला तर त्यात तर्क आहे, हे कबूल करायला हवं. पुलाला दोन फाटे फुटणार असतील, तर एक फाटा अर्ध्या रुंदीचाच असणार. आमच्या मजल्यावरच्या काकूंना मी हे समजावून सांगितलं. त्यांनी सुई न थांबवता विचारलं, “पश्चिमेच्या बाहीची लोकर घरात आणून ठेवलीय का?” मी म्हटलं, ते भविष्यात. “मग पाठ एवढी रुंद घातली कशाला आत्ताच? आणि घातलीच होती, तर आधीच सांगायचं की बाबांनो, सध्या एकच बाही आहे. लोक हात घालून बसल्यावर काय सांगतोस?”

पण खुलाशाची भाषा काकूंना मनापासून आवडली. इतकी वर्षं आपण उगाच उसवत बसलो, असं त्यांना वाटलं. टोरांटोच्या नातवाच्या स्वेटरची लोकर नेमकी डाव्या बाहीला संपली होती. दादरपर्यंत जाऊनही तो लॉट मिळाला नव्हता. त्यांनी त्याच संध्याकाळी कुटुंबाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर निवेदन टाकलं:

“सदर स्वेटरला डावी बाही नाही, हे वृत्त दिशाभूल करणारे आहे. डावी बाही भविष्यातील विस्तारासाठी प्रस्तावित असून खांद्याजवळ तशी तरतूद ठेवण्यात आली आहे. उजव्या बाहीचे टाके कोपरानंतर निम्मे करण्यात आले, ती विणीतील त्रुटी नसून उपलब्ध दंडाच्या रुंदीनुसार घेतलेला निर्णय आहे. परिधानकर्त्याने हात घालताना वेग कमी ठेवावा. कोपराच्या अलीकडे सूचनाफलक लावण्यात येतील. विस्तार पूर्ण होईपर्यंत डावा हात खिशात ठेवून सहकार्य करावे.”

मुलाने अंगठा पाठवला. सुनेने हात जोडले. नातवाने काहीच पाठवलं नाही. हीच जनसुनावणी धरून काकूंनी विषय संपवला.

आमच्या शहराचं खरं दुखणं मापाचं आहे. २००१ च्या जनगणनेत मीरा-भाईंदर सव्वापाच लाखांच्या आतबाहेर होतं. २०११ मध्ये ते ८ लाख ९ हजारांवर गेलं. त्यानंतर माप घेतलंच नाही, कारण २०२१ ची जनगणना झालीच नाही. मिठागरं, शेतं आणि खाडी यांच्या मधोमध मूल वाढतंय आणि घरातले पंधरा वर्षांपूर्वीच्या मापाचा कागद शोधतायत. अशा वेळी लोकर पुरली तरच आश्चर्य. पाण्याचंही तेच. सूर्या धरणाच्या रोजच्या ४०३ दशलक्ष लिटरच्या योजनेत आमच्या वाट्याला २१८ आणि वसई-विरारच्या वाट्याला १८५ लिहिले होते. २०२३ मध्ये वसई-विरारला ते पाणी मिळू लागलं, तेव्हा खाडीच्या या बाजूला आम्ही टँकरवाल्याचा नंबर पाठ करत होतो. मोठी बाही आमची होती, विणायला मात्र धाकटीच आधी घेतली.

मुंबईला हसायला जागा नाही. अंधेरीचा गोखले पूल ७ नोव्हेंबर २०२२ ला बंद केला आणि नव्याने बांधून एक बाजू २६ फेब्रुवारी २०२४ ला उघडली. तेव्हा दिसलं की शेजारचा बर्फीवाला पूल त्याच्याहून सुमारे दीड मीटर खाली राहिलाय. एक खांदा मानेपाशी आणि दुसरा बगलेत. निदान तिथे महापालिकेने खुलाशावर भागवलं नाही. बर्फीवाला पूल जॅक लावून उचलला आणि जुलै २०२४ मध्ये दोन्ही पूल जोडले. काकूंच्या हिशेबात याला उसवून पुन्हा विणणं म्हणतात. त्यात कमीपणा नाही. कमीपणा आहे तो वाकडी शिवण दाखवून ‘हीच फॅशन’ म्हणण्यात.

लोकर आणि काँक्रीट यांत फरक एवढाच, की लोकर ओढली की सुटते. स्वेटर चुकला तर एका रात्रीत त्याचे परत गुंडे होतात, थोडे कुरळे होतात इतकंच. काँक्रीटला ती सोय नाही. मग नमुना विणून बघायची, लॉट तपासायची आणि जादा गुंडा आणायची गरज खरी कोणाला आहे? आपल्याकडे उलटं आहे. जिचं काम सहज उसवता येतं, ती चार वेळा मोजते. ज्याचं उसवता येत नाही, तो भूमिपूजनाची तारीख मोजतो.

म्हणून एक नम्र सूचना. यापुढे शहरातल्या प्रत्येक पुलाच्या निविदा समितीवर विणकाम करणारी एक बाई घ्यावी. शिक्षणाची अट नको, अनुभवाची असावी. अर्जासोबत स्वतः विणलेला एक स्वेटर जोडणे बंधनकारक राहील. तो दोन्ही बाह्यांसह पूर्ण असावा. प्रस्तावित बाही ग्राह्य धरली जाणार नाही.