पाहिजे: निर्व्यसनी जोडपं

चाळिशी उलटली, फ्लॅटचे हप्ते संपत आले आणि ॲसिडिटी कायमची वस्तीला आली, की पुण्या-मुंबईच्या माणसाला शेती आठवते. पूर्वी या वयात लोक गुरू करायचे. आता शनिवारी सकाळी मुळशी, भोर, कर्जतकडे जमीन बघायला निघतात. आपलं पिकवायचं, आपलं खायचं, दाराशी एक गाय. बेत वाईट नाही. प्रश्न एवढाच, की हे आयुष्य आपल्याला मानवेल का?

पहिली परीक्षा सरकारच घेतं. १९४८च्या कुळकायद्यातल्या कलम ६३प्रमाणे महाराष्ट्रात शेतजमीन घ्यायची तर घेणारा आधीचाच शेतकरी लागतो, नाहीतर जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी. मग ज्या आजोबांनी ‘शेतीत काही राम नाही, शीक आणि नोकरीला लाग’ म्हणून पोराला एसटीत बसवून दिलं, त्यांच्याच सातबाऱ्याचा शोध सुरू होतो. ज्या चुलत्याच्या घरच्या लग्नांना आपण ‘ऑडिट आहे हो’ म्हणून कधी गेलो नाही, त्याच्या ओटीवर पेढ्यांचा बॉक्स घेऊन बसावं लागतं. चुलता ‘बस, चहा घे’ म्हणतो. उताऱ्याचा विषय निघाला, की बैलांना पाणी दाखवायला उठतो. त्याचं चुकत नाही. आत्यांनी एकेका साडीवर हक्कसोडपत्राला सह्या केल्या, तेव्हा कुठे उताऱ्यावरची नावं मोजता येतील इतकी उरली. त्यात हे नवीन कृषिप्रेम कुठून उगवलं, हे त्याला कळायला नको?

उतारा मिळाला, जमीन झाली, की मोबाईलवर व्हिडिओ बघून जीवामृत सुरू होतं. सुभाष पाळेकरांच्या पद्धतीत २०० लिटर पाण्याला १० किलो देशी गाईचं शेण, ५ ते १० लिटर गोमूत्र, दोन किलो गूळ, दोन किलो बेसन आणि बांधावरची मूठभर माती लागते. सावलीत ठेवून सकाळ-संध्याकाळ काठीने ढवळायचं. कृती सोपी आहे, हजारो शेतकरी करतात. ज्या घरात कोलेस्टेरॉलच्या भीतीने भजी बंद झाली, त्या घरातून आता महिन्याला किलोकिलोने बेसन जातं आणि टोमॅटोची झाडं गुटगुटीत होतात. टोमॅटो किलोला काय भावाने पडला, हे मात्र विचारायचं नसतं. पाहुण्यांनी तर नाहीच.

शेण विकत आणायचं म्हणजे कमीपणा, म्हणून गाय येते. खरा निकाल तीच लावते. धार दोन वेळा काढायची, साधारण बारा-बारा तासांनी, रविवार धरून. कास कोमट पाण्याने धुवायची, आधी वासरू लावायचं, ते दोन-चार ढुशा देतं, पान्हा फुटतो, मग त्याला ओढून बाजूला बांधायचं. हे ओढणं बघून आपल्या सौभाग्यवतींचे डोळे भरून येतात आणि वासरू परत सोडलं जातं. हात नवा असला, की गाय पान्हा चोरते. अर्धा तास खटपट करून चरवीत कपभर दूध आणि तोंडावर शेणाने भिजलेल्या शेपटीचा फटका. दूध कासेत राहिलं तर दगडी होण्याची भीती. गाईकडे रजेचा अर्ज चालत नाही.

विजेचं थोडक्यात सांगतो. शेतीची थ्री-फेज अनेक ठिकाणी अजूनही आलटून-पालटून येते, एक आठवडा दिवसा, एक आठवडा रात्री. पाणी द्यायला रात्री दोनला उठायचं, हातात बॅटरी, पायाखाली काय आहे ते देवाला ठाऊक. आपण त्याला ‘निसर्गाच्या सान्निध्यात’ म्हणतो. गावात त्याला ‘दारं धरायला जाणं’ म्हणतात आणि हौस म्हणून ते कुणी करत नाही.

म्हणून मग जाहिरात निघते: ‘शेतावर राहण्यासाठी जोडपं पाहिजे. निर्व्यसनी. राहायला खोली.’ आपल्या स्वावलंबनाची इमारत या एका ओळीवर उभी असते. नवरा धार काढतो, दारं धरतो, जीवामृत ढवळतो. बायको खुरपते, झाडते, भाकऱ्या टाकते. दोघांपैकी पगार बहुधा नवऱ्यालाच. आपण शनिवारी जातो, टोपी घालतो, वांगं तोडतानाचा फोटो काढतो आणि ‘मातीशी नाळ’ असं लिहितो. फोटोत जोडपं नसतं. ते सरपण आणायला गेलेलं असतं.

त्या जोडप्याचीही कुठेतरी शेती असते. २०१५-१६च्या कृषिगणनेत महाराष्ट्रातल्या शेतकऱ्याच्या वाट्याची सरासरी जमीन १.३४ हेक्टर निघाली. ही सरासरी, त्यात मोठ्या बागायतदारांचीही भर आहे. ती जमीन पोसत नाही, म्हणून ते आपल्या जमिनीवर येतात. शेती मानवेल का, असं त्यांना कुणी विचारलेलं नाही. लग्नाच्या बाजारात तर मुलाला शेती हवी आणि मुलगा शेतीत नको, असा ठराव केव्हाच पास झालाय. आपलं स्थळ या बाजारात एकदम भारी, कारण आपल्याकडे शेती आहे आणि आपण तिथे नसतो.

तेव्हा सल्ला विचाराल तर जमीन, गाय, बेसन काहीच आधी घेऊ नका. कुणा मित्राच्या शेतावर दिवाळीत जाऊन राहा. वसुबारसेच्या आदल्या दिवशी जोडपं गावी जातं, ‘भाऊबीज करून येतो साहेब’ म्हणतं. फोन लागत नाही. तुळशीचं लग्न होतं तरी येत नाही. तोवर मित्राची कंबर धरलेली असते, मोटर जळालेली असते, कोंबड्यांपैकी निम्म्या मुंगसाच्या पोटात गेलेल्या असतात. सोसायटीच्या ग्रुपवर एक मेसेज पडतो: ‘गीर गाय देणे आहे, वासरासह. स्वभावाने प्रेमळ. फक्त चांगल्या घरी. २०० लिटरचा ड्रम सोबत फुकट.’