लायगो, हळद आणि पांघरुणातला मोबाइल

औंढ्याजवळ दुधाळ्याला 'लायगो' वेधशाळा होणार आहे. केंद्रानं 2023 मध्ये तिला 2600 कोटी मंजूर केले. कोट्यवधी प्रकाशवर्षं दूर दोन कृष्णविवरं एकमेकांवर आदळली, की इथं प्रोटॉनहूनही बारीक थरथर होते. ती टिपायची आहे. शास्त्रज्ञांना माझी एकच विनंती : जमल्यास यंत्राचं तोंड जरा वसमतकडे वळवा. तिथं माझ्या मेव्हण्याचा नववीतला पोरगा पांघरुणात काय बघतो, ते शेजारच्या खाटेवरच्या बापाला कळेना झालंय.

"लेकरं लई बिघडलेत, दाजी," मेव्हणे मोबाइलवरून मान न काढता म्हणाले. हळदीचा भाव बघत होते. भाव एका मिनिटात कळला. पुढचा दीड तास बाकी जगाची चौकशी चालू होती.

पैनगंगेपलीकडे, पुसद तालुक्यातल्या बान्सीच्या ग्रामसभेनं नोव्हेंबर 2022 मध्ये अठरा वर्षांखालच्यांना मोबाइलबंदी केली, दंड 200 रुपये. मेव्हण्यांना हा ठराव फार आवडला. मेव्हण्यांचं वय सेहेचाळीस आहे, हा निव्वळ योगायोग.

सांगलीकडच्या मोहित्यांचे वडगावचं मात्र त्यांना पटेना. तिथं 15 ऑगस्ट 2022 पासून संध्याकाळी सातला मंदिरावरचा भोंगा वाजू लागला; तो वाजला, की साडेआठपर्यंत टीव्ही-मोबाइल बंद. लेकरांचे, आणि मोठ्यांचेही! "आमचा काय गुन्हा?" मेव्हणे कळवळले. आतून वहिनींनीही मालिकेच्या वतीनं निषेध नोंदवला.

मग मी पोराजवळ जाऊन बसलो. म्हटलं, दाखव बरं. शंकरपट, क्रिकेट, पाच मिनिटांत श्रीमंत होण्याचे उपाय. मध्येच हळूच म्हणाला, "फुपाजी, एक मारहाणीचा व्हिडिओ आपोआप लागला. दोन रात्री झोप नव्हती."

"पप्पांना का नाही सांगितलंस?"

"मोबाइलच काढून घेतला असता ना."

गावोगावच्या ठरावांत या वाक्यावर उपाय मला कुठं सापडला नाही. आम्ही दोघांनी मिळून आपोआप पुढचा व्हिडिओ लावणारं ते ऑटोप्ले बंद केलं. त्यानं लगे हात बापाच्या मोबाइलवरही केलं. बापाचा पासवर्ड त्याला कसा ठाऊक, हे मी विचारलं नाही.

परवा मेव्हण्यांचा फोन आला : "दाजी, मोबाइल बिघडला वाटतं. एक व्हिडिओ संपला की थांबूनच राहतोय."