तेलाला ताप

डिचोली तालुक्यातल्या कुठल्याही वाड्यावर जा, एखाद्या अंगणात बॉनेट उघडी टाकलेली गाडी दिसणारच. ती बिघडली आहे असं समजू नका. बिघडलेली गाडी मेस्ताकडे जाते. अंगणात उघडी उभी असते ती गाडी सुधारली जात असते. सुधारणारा गृहस्थ कमरेपर्यंत आत गेलेला असतो, त्यामुळे गावाला त्याची ओळख चेहऱ्यापेक्षा पाठीवरून जास्त. आमच्या सर्वणात त्याला कूलरबाब म्हणतात. कारखान्यातल्या हजेरीवर आणि मतदार यादीत त्याचं दुसरं नाव आहे, पण त्या नावाने हाक मारली तर तो वळून बघेलच असं नाही.

वय पस्तिशीच्या आसपास, नोकरी औद्योगिक वसाहतीत शिफ्टची. लग्न ठरता ठरता राहिलं, कारण मुलीकडची मंडळी आली त्या दिवशी इंजिनाचं हेड जेवणाच्या टेबलावर होतं. गाडी म्हणजे २००१ सालची होंडा सिटी व्हीटेक, नंबर जीए-०४, म्हणजे आपल्याच डिचोलीचा. चार दारं, पाच सीट, डिकीत आईने बाजारासाठी ठेवलेल्या पिशव्या. पण १४९३ सीसीच्या इंजिनातून १०६ अश्वशक्ती, आणि हा आकडा त्या काळच्या मानाने मोठा होता हे कोणीही मान्य करील. कूलरबाबच्या लेखी ही स्पोर्ट्स कार. स्पोर्ट्स कारला दोनच सीट असतात असं कोणी सुचवलं, की तो लगेच सान स्टॉर्म काढतो. "ती होती ना दोन सीटची! फायबरची बॉडी, उघडं छप्पर, आमच्या गोव्यात बनायची. इंजिन किती? अकराशे एकोणपन्नास सीसी, साठ अश्वशक्ती. आता सांगा, स्पोर्ट्स कार कुठली?" समोरचा माणूस सहसा चहाचे पैसे देऊन निघून जातो.

एकेकाला एकेक नाद असतो. कोणी सायलेन्सर बदलतो, कोणी गाडी जमिनीला टेकेपर्यंत खाली घेतो आणि मग पंचायतीच्या प्रत्येक गतिरोधकाशी वैर पत्करतो. कूलरबाबचा नाद सात्त्विक आहे. त्याला तेलाची काळजी वाटते. "पाण्याचा काटा सगळे बघतात," तो म्हणतो, "तेलाचा कोण बघतो?" प्रश्न चुकीचा नाही. साध्या गाडीत इंजिन ऑईलचं तापमान दाखवणारा काटाच नसतो. पाणी नव्वदच्या आसपास शांत बसलेलं असतं तेव्हा बेअरिंगांतून फिरणारं तेल त्याच्या बरंच वर गेलेलं असू शकतं. सव्वाशे-दीडशेपर्यंत चढलं तर ते पातळ होतं, दाब पडतो आणि तेल लवकर म्हातारं होतं. रेस ट्रॅकवर अर्धा तास गाडी पिळणाऱ्याला म्हणूनच ऑईल कूलर लावावा लागतो. त्यातून व्हीटेकचा तर प्राणच तेलात. इंजिनाचे फेरे वाढले की संगणक एक सोलेनॉइड उघडतो, तेलाच्या दाबाने रॉकरमधली पिन सरकते, व्हॉल्व्ह जास्त उघडतात आणि गाडीचा आवाज बदलतो. तो आवाज ऐकण्यासाठी माणसं अजून जुनी सिटी शोधत फिरतात. हे सगळं कूलरबाबने एकदा सकाळी सहा वाजता पोदेराला समजावून सांगितलं. शेवटी पोर्शे ९११ आली. तिला १९९८ पर्यंत पाण्याचा रेडिएटरच नव्हता, सगळा कारभार हवेवर आणि तेलावर. तोपर्यंत वाड्यावरचे पाव थंड झाले होते.

आता एवढं शास्त्र ठाऊक असलेल्या माणसाने सर्वणात राहून रेस ट्रॅकचा इलाज का करावा? ट्रॅक चेन्नईला आहे, कोइंबतूरला आहे. अख्खा गोवा पेडण्यापासून काणकोणापर्यंत जेमतेम एकशे पाच किलोमीटर, आणि त्यात लग्नाची वरात, गुरं, रस्त्यावर मांडलेले मासे आणि भाड्याच्या स्कूटरवरचे पर्यटक. सर्वणातून डिचोली बाजारात पोचेपर्यंत तेल कोमट झालं तरी खूप. पण हे त्याला विचारणं म्हणजे सोवळ्यातल्या माणसाला भूक लागली का विचारण्यासारखं आहे. त्याचं उत्तर ठरलेलं: "लागणार नाही, पण असावा."

शिवाय तो उधळ्या नाही, हे मी मुद्दाम नोंदवतो. नामांकित परदेशी कंपन्यांच्या कूलरच्या किमती त्याला तोंडपाठ आहेत, पण त्या केवळ नावं ठेवण्यासाठी. त्याचा सगळा जीव स्वस्तात. पहिला प्रयोग पल्सर २२० च्या कूलरवर झाला. बजाजने त्या मोटरसायकलला ऑईल कूलर कंपनीतूनच दिलेला, तेव्हा एखादा भंगारात सापडणार हे उघड होतं. तो म्हापशाला सापडला. मेस्ताने तो हातात घेतला, उलटा केला, तेलाच्या भोकात करंगळी घालून पाहिली. करंगळी गेली नाही. मेस्ताने कूलर परत दिला आणि विडी पेटवली. चार सिलिंडरचं तेल त्या वाटेने पाठवायचं म्हणजे पंपाचा गळा आवळणं, हे त्या करंगळीने सांगितलं होतं, पण कूलरबाबला महिनाभर पटलं नाही.

मग किट आलं. साडेसहा हजारांत दहा ओळींचा ॲल्युमिनियमचा कूलर, स्टीलच्या जाळीतले दोन पाइप, निळ्या-लाल रंगाची फिटिंग, आणि फिल्टर व इंजिन यांच्यामध्ये बसवायची सॅण्डविच प्लेट. आईने पाइप हातात घेऊन वाकवून पाहिला आणि गॅसला हा चालेल का विचारलं. घरात त्या सामानाची एवढी एकच कदर झाली.

प्लेट बसेना. होंडाच्या फिल्टरचा आटा वीस मिलिमीटरचा, दीडच्या पिचचा, आणि किटमधला बोल्ट पाऊण इंची, इंचाला सोळा आटे. पाऊण इंच म्हणजे १९.०५ मिलिमीटर. एका मिलिमीटरचाही फरक नाही, डोळ्याला तर काहीच दिसत नाही, पण दोघं एकमेकांना ओळख देत नाहीत. उतावळा माणूस इथे पाना लावून जोर करतो आणि इंजिनाच्या ब्लॉकवरचा आटा घालवून बसतो. कूलरबाबने जोर केला नाही. तो बेळगावला गेला. उद्यमबागेत लेथवाल्यांना काय तोटा! त्याने हवा तसा पोकळ बोल्ट कातून घेतला, येताना चोर्ल्याच्या घाटात दोनदा चहा घेतला आणि घरच्यांसाठी कुंदा आणला. किटचा खर्च सांगताना तो बोल्टचे पैसे धरत नाही, कारण ते मजुरीत गेले. पेट्रोल धरत नाही, कारण तसंही बेळगावला जायचं होतंच. कुंदा तर घरचाच. अशा हिशेबाने ते किट आजही साडेसहा हजारांचंच आहे.

एका गोष्टीत मात्र त्याने खरोखर पैसे वाचवले. तीच सॅण्डविच प्लेट थर्मोस्टॅटसह मिळत होती, दीड हजार रुपये जास्त देऊन. त्याने बिनथर्मोस्टॅटची घेतली. हे दीड हजार लक्षात ठेवा.

बसवण्याचं काम रविवारी मेस्ताच्या शेडमध्ये झालं. बंपर उतरवताना वीस वर्षांच्या प्लॅस्टिकच्या क्लिपा चण्याफुटाण्यांच्या भावात तुटल्या. कूलर रेडिएटरच्या पुढे धरला गेला. रेडिएटरच्या जाळीतून प्लॅस्टिकचे टाय ओवून तो लटकवावा असा कूलरबाबचा बेत होता, कारण किटबरोबर टाय फुकट होते. मेस्ताने नकार दिला: गाडी हलते, टाय करवतीचं काम करतो आणि एक दिवस पाणी रस्त्यावर. त्याने शटरच्या कामातली उरलेली लोखंडी पट्टी कापून दोन ब्रॅकेट केली, खाली रबराचे तुकडे घातले. पाइपांची तोंडं वरच्या बाजूला ठेवली, म्हणजे हवा आत अडकून राहत नाही. जिथे पाइप पत्र्याला घासेल असं वाटलं तिथे सायकलची जुनी ट्यूब गुंडाळली. चालू करण्याआधी कॉइलची वायर काढून स्टार्टर फिरवला, डॅशबोर्डवरचा तेलाचा लाल दिवा विझेपर्यंत. रिकामा कूलर आणि पाइप भरायला अर्धा लिटर तेल वर लागलं. मग गाडी चालू ठेवून खाली कालचा पेपर पसरला आणि शेडमधले सगळे गुडघ्यावर बसून तो वाचू लागले. पंधरा मिनिटांनी निधनवार्तांच्या पानावर एक थेंब पडला. मेस्ताने एक फिटिंग पाव आटा आवळली. पुढचा थेंब पडला नाही. हे काम मी जवळून पाहिलं आहे, आणि स्वस्त सामान महागाच्या तोडीला आणायला मेस्ताचा हात लागतो हे माझं मत पक्कं आहे. त्या हाताचे त्याने पाचशे घेतले आणि तेही पुढच्या महिन्यात.

नवा काटा डॅशबोर्डवर चिकटवला होता. त्यावर तेल अडुसष्ट अंश दाखवत होतं. बाजारात जाऊन आलं तरी अडुसष्ट. कूलरबाबच्या चेहऱ्यावर ती प्रसन्नता आली जी मुलाला नव्वद टक्के पडल्यावर बापाच्या चेहऱ्यावर येते. तो येणाऱ्या-जाणाऱ्याला गाडीत बसवून काटा दाखवी. "बघा, हलत नाही!"

तिथेच घोडं पेंड खात होतं. तेल जास्त तापू नये हे खरं, पण तापायला तर हवं. इंजिनात पेट्रोल जळतं तेव्हा पाण्याची वाफ होते, तिचा थोडा अंश पिस्टनच्या कडेने खाली तेलात उतरतो. तेल रोज नव्वद-शंभरच्या घरात गेलं तर ते पाणी उडून जातं. नाही गेलं तर तिथेच राहतं. म्हणूनच त्या महागड्या प्लेटमधला थर्मोस्टॅट साधारण ऐंशी अंशांपर्यंत तेलाला कूलरकडे फिरकू देत नाही. त्या दीड हजारांत हे ज्ञान होतं. जूनमध्ये पाऊस लागला, हवाच पाण्याने जड झाली आणि जुलैत तेलाची पातळी तपासायला झाकण काढलं तर त्याच्या आतल्या बाजूला पांढरट, पिवळसर साय जमलेली. हेड गॅस्केट गेलं या भीतीने कूलरबाब रात्रभर जागा. मेस्ताने झाकण फडक्याने पुसलं, काट्याकडे पाहिलं, आणि शेडच्या कोपऱ्यातून बिस्किटांच्या खोक्याचा पुठ्ठा फाडून आणला. तो मापात कापून कूलरच्या पुढे खोचला. थंड करायला साडेसहा हजारांचा कूलर आणि त्याला काम करू न द्यायला फुकटचा पुठ्ठा. काटा ब्याऐंशीवर गेला.

पुठ्ठा निघाला की धूळ. २०२४ पासून डिचोलीचा खाणपट्टा पुन्हा चालू झाला, टिपर पुन्हा रस्त्यावर आले आणि लाल धूळ पुन्हा आपापल्या जागी बसू लागली. कूलरच्या बारीक पत्र्यांमधली जागा तिला फार आवडली. वर पावसाची सर आली की तिचा चिखल, उन्हाने त्याची वीट. कूलरबाब रविवारी दात घासण्याच्या ब्रशने एकेक ओळ साफ करतो. हे काम करताना तो गुणगुणतो. लग्नाचं स्थळ या वेळी येऊ नये अशी आईची प्रार्थना असते.

मधूनच त्याला कूलर सार्थकी लावण्याची हुक्की येते. मग तो गाडी तापवायला बाहेर पडतो. धारगळहून मोपा विमानतळाकडे जाणारा नवा जोडरस्ता रुंद आहे, पण तिथे पोलिसही नवे आणि उत्साही आहेत. शेवटी चोर्ला. साखळी, केरी, अंजुणे धरण मागे टाकून चढ लागला की दुसऱ्या गिअरमध्ये, एसी लावून, काट्यावर नजर ठेवून. पुढे बेळगावला जाणारा ट्रक आला तर इतर लोक चरफडतात. हा खूश होतो, कारण हळू चढल्याने वारा कमी लागतो आणि तेल तापतं. एकदा चौऱ्याण्णव झालं. त्याने गाडी कडेला लावून काट्याचा फोटो काढला आणि आम्हा सगळ्यांना पाठवला. फोटोत मागे धुकं होतं.

या सगळ्याला घरात एक कायमचा प्रेक्षक आहे. कूलरबाबचे वडील. त्यांचा टिपर त्याच अंगणात उभा. २०१२ मध्ये खाणी बंद झाल्या तेव्हा तो पहिल्यांदा थांबला. मग थोडा चालला. ७ फेब्रुवारी २०१८ ला सर्वोच्च न्यायालयाने ८८ लीज रद्द केल्या आणि मार्चच्या मध्यापासून तो जो थांबला तो तिथेच. चाकांभोवती गवत उगवलं, कापलं, पुन्हा उगवलं. पण म्हाताऱ्याने तो विकला नाही. सोप्यावर बसून त्यांचं एकच पालुपद: "दहा टन कागदावर. खरे किती ते सारमानसच्या जेटीवरच्या काट्याला विचार. मे महिन्यात, दिवसभर, चढावर. आमच्या इंजिनाला कुठे कूलर होता?"

हे वाक्य कूलरबाबने अनेक वर्षं ऐकून घेतलं. एक दिवस मात्र त्याने वडिलांचा हात धरून त्यांना टिपरच्या इंजिनापाशी नेलं आणि ब्लॉकच्या कुशीत, फिल्टरच्या मुळाशी असलेलं बिडाचं एक चपटं झाकण दाखवलं. टाटाच्या टिपरमधलं ते कमिन्सचं इंजिन. त्याला ऑईल कूलर कंपनीच बसवून देते, आतल्या आत, पाण्यावर चालणारा. सकाळी पाणी आधी तापतं म्हणून तो तेलाला ऊब देतो, दुपारी तेल जास्त तापलं की तोच उष्णता पाण्यात सोडतो. वर्षानुवर्षं म्हातारा दोन-दोन कामं करणारा कूलर घेऊन चढ चढत होता आणि त्याला पत्ता नव्हता.

वडील बराच वेळ त्या झाकणाकडे बघत राहिले. त्यांनी त्यावरचं गवत उपटलं, बोटाने वंगण खरवडलं. दोन दिवस पालुपद बंद होतं, आईला वाटलं त्यांना बरं नाही. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी ते अंगणात आले. खाण चालू झाली आहे, टिपरची बॅटरी नवी घालायचं मनात होतं.

"काय रे, ते तुझं निळं-लाल सामान टिपरला बसेल?"

"टिपरला कशाला, बाबा? त्याला गरज नाही."

"आणि तुझ्या गाडीला होती?"

कूलरबाबने पुठ्ठा पुन्हा जागेवर खोचला. "गरज आहे की नाही ते कळायला आधी काटा लागतो," तो म्हणाला. "साडेआठशेला येतो. मागवू?"