चौथं चाक

(स्थळ : इंग्लंडातल्या एका गावी मॉडेल इंजिनवाल्यांच्या क्लबची शेड. रविवार सकाळ. बाहेर पाऊस, तिथे तो धरलेलाच असतो. पात्रं दोन, एक मुरलेला आणि एक नवखा. दोघेही अस्सल इंग्रज. मराठी बोलतात ते केवळ आपल्या सोयीसाठी.)

नवखा : (खोकं सांभाळत) येऊ का आत? आई गं!

मुरलेला : दाराला लोखंड लावलंय, बघून पाय टाकावा. ठेचकाळलास ना? नवा माणूस हमखास ठेचकाळतो. काय आणलंस?

नवखा : इंजिन.

मुरलेला : (खोक्यात डोकावून) मला तर भंगार दिसतंय.

नवखा : 'टिच' आहे साहेब. साडेतीन इंची गेज, चार चाकं, कोळशावर चालणारं. लिलावात मिळालं. म्हणाले, नवशिक्यांसाठीच काढलेलं डिझाइन आहे.

मुरलेला : अगदी खरं. नवशिके ते हातात घेतात आणि त्यातच म्हातारे होतात. एलबीएससीचं आहे ते.

नवखा : ही कुठली कंपनी?

मुरलेला : (कानांना हात लावून) कंपनी! अरे, माणूस होता तो. लंडन, ब्रायटन अँड साउथ कोस्ट रेल्वेची आद्याक्षरं घेऊन 'मॉडेल इंजिनियर' मासिकात लिहायचा. 1967 साली गेला. पूर्वी इतक्या लहान इंजिनात स्पिरिटचा दिवा लावायचे. इंजिनं आखणाऱ्या हेन्री ग्रीनलीचा सगळा भरवसा दिव्यावरच्या त्या साध्या बॉयलरवर. हा म्हणाला, खऱ्या इंजिनासारखा बॉयलर करा, कोळसा घाला, बसलेला माणूससुद्धा ओढतो की नाही बघा. झालं! 1922 पासून दोन वर्षं नुसती जुंपली होती. 'बॉयलरांची लढाई' म्हणतात तिला. शेवटी यानं 'आयेशा' नावाचं अडीच इंची गेजचं इंजिन आणलं आणि माणसं ओढून दाखवली.

नवखा : म्हणजे ग्रीनली हरला.

मुरलेला : हरला कसला! रॉम्नी, हाइथ अँड डिमचर्च रेल्वेची इंजिनं त्यानंच आखली. पंधरा इंची गेज, 1927 साली लाइन सुरू झाली, आजही धावते. या छंदात हरलेला माणूस आणखी मोठं इंजिन काढतो. बरं, सिलिंडर दाखव.

नवखा : हा घ्या. गनमेटल.

मुरलेला : वजन छान आहे. आणि हे भोक?

नवखा : ब्लोहोल, ओतताना राहिलेली पोकळी. आधीच्या मालकाला बोअर करताना शेवटच्या कापाला सापडलं म्हणे.

मुरलेला : शेवटच्याच कापाला सापडतं ते. पहिल्या कापाला सापडलं तर माल परत करता येईल ना! कुठल्या दुकानाचा माल?

नवखा : दुकान कधीच बंद झालं. यादी आहे, पण भाव शिलिंग-पेन्समध्ये.

मुरलेला : म्हणजे 1971 च्या आधीची. जपून ठेव, वाचताना बरं वाटतं. दुकानं बुडतात रे, पॅटर्न बुडत नाहीत. एक दुकान मिटलं की ओतकामाचे साचे ज्यांवरून घेतात ते लाकडी पॅटर्न पेटीत भरून दुसऱ्याकडे नांदायला जातात. तिथून तिसऱ्याकडे. दर वेळी एखादा वाटेत हरवतो, आणि नेमका तोच आपल्याला हवा असतो. बॉयलर कुठाय?

नवखा : हा तांब्याचा पत्रा.

मुरलेला : म्हणजे अजून जन्मायचाय. झाला की इथे आण, दुप्पट दाबानं तपासून देऊ. पाण्यानं.

नवखा : वाफेनं का नाही?

मुरलेला : पाण्यानं फुटला तर पँट भिजते. वाफेनं फुटला तर सभासदांची यादी नव्यानं छापावी लागते.

नवखा : (खोकं मुरलेल्याच्या हातात देत) जरा धरा. हे चाक बघा. लेथवर धरलं तर टूलच बोथट झालं. चकाकी आली, पण कापलं काही नाही.

मुरलेला : भीत भीत कापलंस! ओतीव लोखंडाची साल कडक असते, वर वाळू चिकटलेली. पहिला काप थेट सालीखाली गेला पाहिजे. तू नुसती साल चाटत बसलास. आता शेगडीत लालबुंद कर आणि रात्रभर निखाऱ्यातच निवू दे.

नवखा : आमच्याकडे सेंट्रल हीटिंग आहे.

मुरलेला : (सुस्कारा टाकून) या छंदाला उतरती कळा लागली ती तेव्हापासून.

नवखा : खरी अडचण वेगळीच आहे. चाकं तीनच आहेत.

मुरलेला : (एकदम सावध होऊन) तीन?

नवखा : तीन. म्हटलं, यातलंच एक पॅटर्न म्हणून फाउंड्रीत द्यावं.

मुरलेला : कातलेलं दिलंस तर नव्या चाकाला कातायला माल कुठून आणशील? आणि बिनकातलेलं दिलंस तर तेही लहानच येणार. लोखंड निवताना फुटामागे अष्टमांश इंच आकसतं. म्हणून तर पॅटर्नवाल्याची पट्टीच मुळात लांब असते. पट्टीच खोटी, पण माणूस खरा!

नवखा : मग चौथं आणू कुठून? (अंगठा चोळत खाली बघतो.) साहेब, दाराला लावलंय ते काय आहे?

मुरलेला : ते? लोखंड आहे.

नवखा : याला आरे आहेत.

मुरलेला : असतात काही लोखंडांना.

नवखा : (उचलून) हा क्रँकपिनचा उंचवटा! अहो, हे टिचचं चाक आहे!

(दार धाडकन आपटतं.)

मुरलेला : म्हणून सांगतो, त्याला हात लावू नकोस.

नवखा : विकता का मला? काय म्हणाल ते देतो.

मुरलेला : तुला? तीस वर्षं बाकीच्या तिघांची वाट बघतोय मी. आज आपल्या पायांनी चालत आली.

नवखा : अहो, पैसे मोजलेत मी!

मुरलेला : पैसे काय, कुणीही मोजतं. मी दार सांभाळलंय. ठेव ते खाली.

नवखा : आधी तुम्ही खोकं खाली ठेवा.

मुरलेला : आधी तू.

(दार पुन्हा आपटतं. दोघंही जागचे हलत नाहीत.)