बाटलीच्या पाठीवरच्या बारीक अक्षरांस

प्रिय बारीक अक्षरांनो,

साष्टांग नमस्कार. साष्टांग अशासाठी, की आडवं पडून, बाटली नाकाशी धरून, वर मोबाइलचा टॉर्च लावल्याशिवाय तुमचं दर्शनच होत नाही.

पत्रास कारण की, तुम्ही बोलता फार मोलाचं आणि बोलता फार हळू. एनर्जी ड्रिंकच्या बाटलीच्या दर्शनी बाजूला विजा चमकत असतात, नाव तर चालत्या एसटीतून वाचता येतं. तुमची वस्ती मागे, बारकोडच्या शेजारी. आणि तिथे बसून तुम्ही म्हणता काय? लहान मुलं, गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बाया, कॅफिन न सोसणारी माणसं आणि खेळाडू यांच्यासाठी या पेयाची शिफारस नाही. दिवसाला ५०० मिलिलिटरच्या वर पिऊ नये. अहो, एवढं सगळं सांगायचं होतं, तर पुटपुटता कशाला?

त्यातलं ‘खेळाडू’ आधी घेऊ. शिमगा झाल्यावर पोलादपूर तालुक्यातल्या आमच्या वाडीवर कबड्डीचे सामने झाले. हॅलोजन लागले, मुंबईचे चाकरमानी थांबले, मैदानाच्या चारी बाजूंना एका एनर्जी ड्रिंकचे बॅनर फडकले. सामनावीराला चषक आणि वर बाटल्यांचा अख्खा क्रेट! छाती भात्यासारखी हलत असलेला पोरगा चढाई करून आला की कोणीतरी त्याच्या हातात थंड बाटली देत होतं आणि समालोचक माइकवरून ‘ही ताकद कुठून आली’ ते प्रायोजकाच्या नावासकट सांगत होता. तुम्ही त्या प्रत्येक बाटलीवर हजर होता. हूं की चूं केलं नाहीत.

माझा भाचा आठवीत आहे. तो खेळला नाही, नुसता ओरडला. पण २५० मिलीच्या दोन बाटल्या त्यानेही रिचवल्या. म्हणजे धडधाकट मोठ्या माणसाला तुम्ही घालून दिलेली दिवसाची हद्द पोराने उपांत्य सामन्याच्या आतच गाठली. रात्री तो कौलं मोजत बसला. “मामा, छातीत धडधडतंय.” बहिणीने मीठ-मोहऱ्या ओवाळून दृष्ट काढली. मोहऱ्या तडतडल्या, त्याअर्थी नजर लागली होती असं ठरलं आणि गल्लीतल्या एका निरुपद्रवी म्हातारीवर संशय गेला. मी तेव्हा पडवीत पालथा पडून तुम्हाला वाचत होतो.

बाटली कुठल्या कंपनीची होती ते लिहीत नाही. लिहून उपयोगही नाही. बाजारात रेड बुलचा महाग डबाच होता तोवर हे पेय म्हणजे शहरातल्या जिमचं कौतुक होतं. मग पेप्सीने स्टिंग आणलं, कोका-कोलाने थम्स अपच्या घरातून चार्ज्ड काढलं, कॅम्पा विकत घेऊन रिलायन्सही उतरली, आणि वीस रुपयांची बाटली महाडच्या स्टँडापासून उमरठच्या वाटेपर्यंत पोचली. या मंडळींचं वैर केवढं! टपरीवर कंपनीने दिलेल्या फ्रिजमध्ये दुसऱ्याची बाटली दिसली की सेल्समनच्या कपाळाला आठ्या. कोणाची वीज जास्त चमकते, कोणाकडे कुठला नट, यावर कोटींचा चुराडा. पण बाटल्या उलट्या फिरवा. पाठीवर सगळ्यांच्या तुम्हीच, त्याच क्रमाने, तेच शब्द. पुढून वैरी, मागून सख्खे भाऊ.

पुढच्या बाजूला जी नावं मिरवतात, त्यात टॉरिन आमच्या पोरांचा लाडका. बैलाच्या कशातून तरी काढतात, असं कोणी सांगितलंय त्यांना. १८२७ मध्ये तो बैलाच्या पित्तात पहिल्यांदा सापडला, एवढं खरं. आता तो कारखान्यात बनतो. माणसाचं शरीर तो स्वतःच तयार करतं, आणि तिसऱ्यांच्या सुक्यातही तो भरपूर असतो. वाडीत म्हावरेवाली येते तिने कधी त्याची जाहिरात केली नाही. जिनसेंगचंही असंच. कॅफिनबरोबर ते घालायला २०१५ मध्ये अन्नसुरक्षा प्राधिकरणाने हरकत घेतली आणि मॉन्स्टर, त्झिंगा यांसारख्या पेयांना माल परत घ्यावा लागला होता. अंगात जे काही संचारतं ते साखरेचं आणि कॅफिनचं. नियमाने लिटरला १४५ ते ३०० मिलिग्रॅम कॅफिन चालतं, म्हणजे २५० मिलीच्या बाटलीत ७५ मिलिग्रॅमपर्यंत. एका कपभर कॉफीची गोष्ट! अमेरिकेत ग्राहकांनी हेच तोंडावर मारलं, तेव्हा २०१४ मध्ये रेड बुलने चूक कबूल न करता १ कोटी ३० लाख डॉलर मोजून खटला मिटवला. त्याच कंपनीचे फुटबॉलचे क्लब आहेत, फॉर्म्युला वनचे दोन संघ आहेत. आणि आपल्याकडच्या डब्यावर तुम्ही म्हणता, खेळाडूंसाठी शिफारस नाही.

मोठ्यांचं मी काही म्हणत नाही. रेड बुलचं मूळ पेय थायलंडमध्ये सत्तरच्या दशकात ट्रकवाले आणि अंगमेहनतीच्या मजुरांसाठी निघालं होतं. महाडच्या एमआयडीसीत रात्रपाळी करून पहाटे मोटारसायकलवर घरी निघणारा कंत्राटी कामगार बाटली घेतो, तेव्हा त्याला झोपेपेक्षा हजेरी महाग असते. त्याला मी कोण शहाणपण शिकवणार?

राग येतो तो पोरांवरून. जुलै २०२४ मध्ये विधान परिषदेत मंत्र्यांनी सांगितलं, शाळेच्या ५०० मीटरच्या आत जास्त कॅफिनची पेयं विकू देणार नाही. आमच्या शाळेच्या फाटकातून टपरीवरचा फ्रिज दिसतो. आतला दिवासुद्धा दिसतो. लिथुआनियाने २०१४ मध्ये आणि पोलंडने २०२४ मध्ये अठराच्या आतल्यांना विक्रीच बंद केली. आपल्याकडे कर तेवढा ४० टक्के, पानमसाल्याच्या पंगतीत. म्हणजे हा काय माल आहे ते सरकारला चोख ठाऊक आहे. आणि तुमची भाषा? नियम म्हणतो, इंग्रजी किंवा हिंदी चालेल. मराठी शाळेतल्या पोराच्या हातात मराठी जाहिरात आणि इंग्रजी इशारा! जाहिरातीला भाषांतरकार मिळतो, तुम्हाला नाही मिळत? तुम्ही पोरांसाठी लिहिलेलेच नाही आहात. उद्या कोणी कोर्टात ओढलं तर वकिलाने बोट ठेवून दाखवावं, म्हणून तुम्हाला तिथे बसवलंय.

जाऊ दे. तुमच्यावर तोंड टाकून काय उपयोग? त्या अख्ख्या बाटलीत खरं बोलणारे तुम्ही एकटेच, आणि तुम्हाला धरून कोपऱ्यात कोंबलेलं. नटाला कोटी मिळतात, तुम्हाला एक मिलिमीटर जास्त मिळत नाही.

म्हणून एक बेत केलाय. आमच्या समाजमंदिराची एसटी थांब्याकडची भिंत मोकळी आहे. निवडणुकीचा चुना मारून झालाय, पेंटर गावचाच आहे. तुम्हाला जसंच्या तसं, एक शब्दही इकडचा तिकडे न करता, मराठीत उतरवून त्याच्याकडे दिलंय. अक्षर किती उंच काढू, विचारत होता. दोन फूट म्हटलं. मग जरा घुटमळला. कंपनीची परवानगी लागेल का हो?

म्हटलं, लागायची नाही. मजकूर त्यांचाच आहे.

कळावे, लोभ असावा.

आपला,
आठवीतल्या एका पोराचा मामा